मॅनेजरबाईंच्या फोटोला हार

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे धरून, लाँड्री मॅनेजमेंटचं खरंखुरं सर्टिफिकेट सगळ्यात आधी ज्याच्या हातात पडलं, तो माणूस म्हणजे मी. सोनेरी कडा, गोल शिक्का, सगळं. आता हातात पडलं म्हणजे कुरियरवाल्यानं गेटवर दिलं आणि मी सही केली. आत नाव दुसऱ्याचं होतं. माझं शिक्षण सातवी, आणि सातवीतनंही मी बाहेर पडलो ते मास्तर दमले म्हणून.

पण किस्से माझ्याकडं भरपूर. आमच्या धंद्यात ते साचतातच. ड्रायरमध्ये चादरी सुकवल्या की प्रत्येक चादरीचं थोडं थोडं सूत सुटतं आणि आतल्या जाळीत जमतं. ती जाळी रोज हातानं साफ करावी लागते. राहिली तर मशीन तापतं, आणि तशीच ठेवली तर पेटतं. माझ्या डोक्याचंही तसंच आहे, म्हणून सांगतो. तुम्ही हसा. हसण्यासारखंच आहे, निदान सुरुवातीला.

* * *

माधवनगरला एका बंद पडलेल्या मिलच्या मागं आमची लाँड्री. मी त्याच मिलच्या ब्लीचिंग खात्यात होतो. मिल गेली, मी मागच्या गल्लीत आलो, एवढीच काय ती आयुष्यातली बदली. इथं घरगुती कपडे येत नाहीत. मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी, हिरवे गाऊन, ऑपरेशनचे टॉवेल टेम्पोनं येतात आणि धुऊन, इस्त्री होऊन परत जातात.

शेडच्या मधोमध एक भिंत आहे. अलीकडं मळकी बाजू, पलीकडं स्वच्छ बाजू. भिंतीतच दोन दारांची मशीनं बसवलीत. आम्ही इकडच्या दारानं रक्तानं भरलेलं आत टाकायचं, त्यांनी तिकडच्या दारानं धुतलेलं बाहेर काढायचं. कपडे भिंतीतून जातात, माणसानं मात्र जायचं नाही. मळक्या बाजूच्या माणसाला पलीकडं जायचंच असेल तर आंघोळ करून, कपडे बदलून, बाहेरून वळसा. मधे एक काचेची खिडकी, न उघडणारी, आणि दोन्हीकडं एकेक इंटरकॉम.

मी मळक्या बाजूचा. काचेच्या पलीकडं सुनंदाताई, तिथल्या सुपरवायझर. सांगली गावभागातल्या, बी.कॉम. झालेल्या, आणि बोलणं असं की समोरच्याला कापलेलं घरी गेल्यावर कळावं. नाव सुपरवायझर, पण लाँड्री चालवायच्या त्याच. हॉस्पिटलचा फोन आला की अण्णासुद्धा 'सुनंदाला द्या' म्हणायचे.

अण्णा म्हणजे मालक. माझ्याच कडेगाव तालुक्यातले. उसाचं रान विकून मशीनं आणली, पण अजून सकाळी आल्या आल्या विचारतात, "आबा, मशीनला पाणी पाजलंस का रं?"

आणि चौथे जावईबापू. अण्णांचे जावई, साताऱ्याचे, नाव धैर्यशील. पुण्यात कसलातरी धंदा काढला, तो बुडवला, आणि मग सासऱ्याच्या धंद्यात 'लक्ष घालायला' आले.

पहिल्याच दिवशी पांढरा शर्ट, पांढरे बूट घालून मळक्या बाजूला हजर. म्हणाले, "आबा, मला सगळी प्रोसेस समजून घ्यायची आहे."

आमच्याकडं आलेला माल आधी काट्यावर तोलतात आणि त्याची चिठ्ठी पलीकडं जाते, म्हणजे तिकडं निघालेला माल जुळवता येतो. मी म्हणालो, "हितली पद्धत हाय, बापू. नवा माणूस आदी काट्यावर उभा ऱ्हातो."

उभे राहिले. वर मलाच मोबाईल देऊन फोटो काढायला लावला. मी फोटो काढला आणि चिठ्ठीही फाडली: मळका माल, एक नग, पांढरा.

थोड्या वेळानं इंटरकॉम वाजला. "आबा, तुमच्या चिठ्ठीतला एक नग इकडं निघाला नाही."

"भिजत घातलाय, ताई."

"किती वेळ लागेल?"

"काय सांगावं. सासरचा डाग हाय, निघंल असं वाटत न्हाई."

जावईबापू शेजारीच उभे होते. तेही हसले. त्यांना वाटलं, टॉवेलाचं चाललंय.

* * *

मग हॉस्पिटलचं पत्र आलं. यापुढं कंत्राट हवं असेल तर लाँड्रीचा मॅनेजर सर्टिफिकेटवाला पाहिजे. लाँड्री मॅनेजमेंटचा कोर्स असतो, त्याची परीक्षा असते, ती पास झालेला माणूस पाहिजे.

अण्णांनी सगळ्यांना आवारात जमवलं. आदल्या दिवशीच कॅबिनसाठी नवी खुर्ची आणली होती. काळी, गोल फिरणारी, प्लास्टिकचं कव्हर तसंच. ती बाहेर आणून ठेवली, तिला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि म्हणाले, "जो कोण ही परीक्षा पास हुईल तो हितला मॅनेजर. ही खुर्ची त्याची. सगळ्यांसमोर सांगतोय."

मी हात वर केला.

"आबा, हात खाली घे. दहावी लागती."

"तुमची तरी कुठं झालीय, अण्णा? तुमी मालक झालासाच की."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अण्णांनी नारळाचं पाणी तोंडाला लावलं.

नावं दोघांची गेली. जावईबापूंचं अण्णांनी घातलं. सुनंदाताईंचं सुनंदाताईंनी घातलं. त्या संध्याकाळी इंटरकॉमवर मी चिडवलं, "ताई, गोल फिरणाऱ्या खुर्चीवर चक्कर यील तुमाला."

एरवी उलटा टोला आला असता. त्या म्हणाल्या, "आबा, खुर्ची मला नकोय, असं मी म्हणणार नाही. मला हवी आहे."

मी हसलो. आणि फोन ठेवला.

* * *

क्लास मोबाईलवर असायचा. मुंबईचे कोणी सर पडद्यावर येऊन शिकवायचे. जावईबापूंची अभ्यासाची पद्धत अशी की मोबाईल कॅबिनच्या टेबलावर चालू ठेवायचा, कॅमेरा बंद करायचा, आणि आपण मागच्या खाटेवर आडवं व्हायचं.

एकदा मी बिल द्यायला कॅबिनमध्ये गेलो, तर सर विचारत होते, "धैर्यशील, आर यू देअर? सकाळी प्लँटवर आल्यावर मॅनेजरनं सगळ्यात पहिलं काय करायचं?"

बोलायचं बटण मला नातवानं दाखवलेलं होतं. दाबलं. "चा प्यायचा, सर."

तिकडं बरीच पोरं हसली. सर म्हणाले, "धैर्यशील, बी सीरियस."

"सर, धैर्यशील सीरियसच हाय. कवाचा हालला न्हाई."

त्याच क्लासात सुनंदाताईही होत्या, पलीकडच्या बाजूला, डबा खाता खाता. मी परत माझ्या बाजूला येऊन खिडकीतून बघितलं. भिंतीतून हसू ऐकू येत नाही, पण काचेतून दिसतं. घास हातात तसाच, आणि खांदे हलताहेत.

त्यांचा अभ्यास त्या डब्याच्या सुट्टीत आणि घरी स्वयंपाकाच्या ओट्याशी. घरी सासूबाई. मूळच्या आमच्याच बाजूच्या खेड्यातल्या. सून पुस्तक घेऊन बसली की म्हणायच्या, "कापडं धुवायची परीक्षा? आमी काय परीक्षा दिऊन लुगडी धुतली व्हय गं?" हे ताई मला रोज नक्कल करून सांगायच्या. रोज सांगायच्या म्हणजे रोज लागत असणार, हे मला आता कळतं. तेव्हा मी पुढची नक्कल मागायचो.

* * *

परीक्षा सांगलीतल्या एका कॉम्प्युटर सेंटरवर झाली. निकाल लागला. सुनंदाताई पास, तेही चांगल्या मार्कांनी. जावईबापू नापास.

पण जावई नापास असं बोलायचं कसं? अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, "त्यांचा रिझल्ट राखून ठिवलाय." मी तसाच चौकात गेलो, पेढे आणले आणि पहिला पुडा जावईबापूंपुढं धरला.

"कशाचे पेढे, आबा?"

"राखून ठिवल्याचे."

त्यांनी खाल्ले. बापूंचा हा एक गुण मानावा लागतो. पुढं धरलेलं ते परत पाठवत नाहीत.

काही दिवसांनी सर्टिफिकेट आलं. सुरुवातीला मी ज्याची बढाई मारली ते हेच. जाड कागद, सोनेरी कडा, वर सुनंदाताईंचा फोटो, खाली नाव आणि नंबर. मी पाकीट फोडलं आणि पळत खिडकीपाशी गेलो. काचेला लावून धरलं.

ताई पलीकडं आल्या. काचेला जवळजवळ नाक लावून वाचलं. वरपासून खालपर्यंत, मग परत वरपासून. पलीकडच्या बायका गोळा झाल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या मला दिसल्या, ऐकू आल्या नाहीत.

मी इंटरकॉमवर म्हणालो, "ताई, वळसा मारून आणून द्यू का?"

"तुम्ही मळक्या बाजूचे. हातमोजे तरी बदललेत का?"

"आवं, सर्टिफिकेट हाय त्ये. तुमचंच हाय."

"असू दे. तुमच्याकडून आलेलं इकडं येत नाही. तिथंच ठेवा, सुट्टी झाली की मी बाहेरून घेते."

ज्या नियमासाठी ते मिळालं होतं, तो नियम बाईनं त्याच्यावरच चालवला. मी म्हणालो, लय शिकलेल्या माणसाचं असंच असतं. आणि कागद टेबलावर ठेवणार तोवर अण्णा आले, माझ्या हातातून घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाले, "फ्रेम करून आणतो."

सुनंदाताईंच्या हातात ते सर्टिफिकेट त्या दिवशी आलं नाही. नंतरही आलं नाही.

* * *

सांगलीत फ्रेमवाले थोडे का आहेत? पण अण्णा गेले ते त्यांच्या ओळखीच्या माणसाकडं, ज्याचा धंदा मुख्यतः गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून द्यायचा. त्याच्याकडं मोठ्या फ्रेमबरोबर चंदनाचा हार फुकट असतो. आणि फुकटचं ठेवून यायचं, हे अण्णांच्या रक्तात नाही.

दुसऱ्या दिवशी कॅबिनमध्ये, नव्या खुर्चीच्या बरोबर वर, सर्टिफिकेट लागलं. आतून सुनंदाताईंचा फोटो बघतोय आणि वरून चंदनाचा हार. आणि खाली खुर्चीत जावईबापू.

सुनंदाताईंनी दारातूनच सगळं बघितलं. आधी खुर्ची, मग फ्रेम.

अण्णा म्हणाले, "असं बघ सुनंदा, खुर्ची काय, नुसती बसायला असती. काम तर तूच करतीस. हॉस्पिटलच्या कागदावर मॅनेजर तूच हैस. बापूंना आता घरात काय सांगू मी? पोरगी हाय माझी."

"आणि हार?"

"हार शोभेला."

ताई वळल्या आणि आपल्या बाजूला निघून गेल्या. मी मागून म्हणालो, "ताई, लोकं मेल्यावर मोठी हुत्यात, तुमी अगुदरच झालासा." पाठमोऱ्याच हसल्या. निदान मला तसं वाटलं.

* * *

हाराचा परिणाम लगेच दिसला. साताऱ्याहून आमच्याकडं साबणाच्या केमिकलचा विक्रेता यायचा, भला माणूस. नवीन फ्रेम बघून त्यानं चप्पल दारात काढली, उभा राहिला आणि डोळे मिटून हात जोडले.

"अरेरे," म्हणाला, "वय काहीच नव्हतं."

जावईबापू मोबाईलमध्ये. मान न उचलता म्हणाले, "हो ना."

"आजारी होत्या का?"

"नाही नाही."

"कामाचा ताण असेल."

"तो तर असतोच," बापू म्हणाले.

एवढ्यात सुनंदाताई हातात रिकामा कॅन घेऊन आत आल्या, तक्रार करायला. विक्रेता दचकून मागं सरला तो मागं उभ्या माझ्यावरच आदळला. एकदा फोटोकडं बघतोय, एकदा ताईंकडं.

ताई म्हणाल्या, "बसा, बसा. मॅडम वारल्या, पण काम राहिलंय. ह्या कॅनमधल्या मालानं डाग निघत नाहीत."

त्या माणसानं पुढच्या खेपेला माल चांगला दिला. भीतीनं असेल.

* * *

हॉस्पिटलच्या मोठ्या सिस्टर अधूनमधून तपासणीला यायच्या. करड्या बाई. मॅनेजर समोर दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्या दिवशी आमच्याकडं सकाळपासून नाटकाची तयारी. मी स्टुलावर चढून हार काढायचा, कारण उंच मी एकटाच. जावईबापूंनी खुर्ची सोडून मागं बॉयलरच्या खोलीत जाऊन बसायचं. सुनंदाताईंनी कोट घालून खुर्चीत बसायचं. सिस्टरची गाडी गेटबाहेर गेली की सगळं परत: ताई उठल्या, बापू बसले, हार चढला.

एकदा मला सुचलं की ही बाई लवकर जाऊच नये. मी मळक्या बाजूला सिस्टरना एकेक मशीन दाखवायला लागलो. ह्याचा पट्टा कधी तुटला, त्याचं दार कुणी आणलं, ब्लीचिंग खात्यात आम्ही काय करायचो. सिस्टर ऐकत राहिल्या. इकडं ताई खुर्चीत, तिकडं बापू बॉयलरपाशी. दुपार झाली. बापू बाहेर आले तेव्हा इस्त्रीला टाकायच्या आधीच्या चादरीसारखे दिसत होते.

मी आनंदानं इंटरकॉम लावला. "काय ताई, आज लय येळ बसवलं का न्हाई मी तुमाला खुर्चीवर?"

"आबा, त्या खुर्चीचं प्लास्टिक काढलेलं नाही. पाठ भिजली माझी. पुढच्या वेळी एवढे उपकार करू नका."

* * *

त्या वर्षी सर्वपित्री अमावस्येला मी आणखी एक उद्योग केला. घरून पान वाढून आणलं: भात, वडा, खीर, अळूची भाजी. ते कॅबिनमध्ये फ्रेमखाली टेबलावर मांडलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो, कोण काय म्हणतंय ते बघायला.

जावईबापू आले. पान बघितलं. खुर्चीत बसले आणि जेवले. खीर पहिल्यांदा.

मी धावत खिडकीशी. "ताई, नैवेद्य ठिवला हुता तुमाला. कावळ्याची वाट बघायचं कामच पडलं न्हाई, जावईबापू शिवले."

काचेपलीकडं त्यांनी इंटरकॉम कानाला लावला होता. मी हसू यायची वाट बघत होतो.

त्यांनी विचारलं, "आबा, जेवताना त्यांनी एकदा तरी वर बघितलं का?"

"न्हाई."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ त्या चादरीच्या घड्या घालत होत्या, पाठ माझ्याकडं करून.

* * *

त्यानंतरचं हसण्यासारखं कमी आहे, पण तेही सांगतो.

जावईबापूंना मोबाईलवर व्हिडिओ टाकायची हौस होती. 'आमची अत्याधुनिक लाँड्री' असलं काहीतरी. एक दिवस ते मळक्या बाजूला आले, ऑपरेशनच्या रक्तानं भिजलेलं गाठोडं हातात उचलून बोलले, आणि मग तोच मोबाईल, तेच हात, तेच बूट घेऊन सरळ स्वच्छ बाजूच्या दारानं आत शिरले. आंघोळ नाही, कपडे बदलणं नाही. पलीकडं ऑपरेशन थिएटरचे धुतलेले गाऊन रचून ठेवले होते. त्यांच्यावर हात ठेवून उरलेला व्हिडिओ केला.

मी इकडून काच बडवली. सुनंदाताई धावत आल्या, पण हात ठेवून झाला होता.

त्यांनी खोलीतला सगळा माल परत धुवायला काढला. सगळा. टेम्पो दारात उभा, हॉस्पिटलचा फोनवर फोन. पलीकडचा इंटरकॉम उचललेलाच राहिला होता, म्हणून मला इकडं सगळं ऐकू येत होतं. अण्णा आले, बाहेरच्या दारात उभे राहून म्हणाले, "अगं, डोळ्याला काय दिसतंय का त्याच्यावर? पांढरंफेक हाय. पाठवून दे."

"नाही पाठवणार."

"नुसता हात लावलाय पोरानं."

"अण्णा, हे ऑपरेशनला उघड्या पोटापाशी जातं."

"बरं, सही तेवढी कर. माल निघू दे."

"मॅनेजरची सही लागते ना? मॅनेजर नाही म्हणतेय."

सगळ्या बायका, ड्रायव्हर, काचेपलीकडं मी, सगळे बघतोय. अण्णांचा आवाज चढला. इंटरकॉमची गरज नव्हती, दाराबाहेरून वळून आला. "मॅनेजर तू कागदावर हैस, सुनंदा. हितं न्हाईस. हितं काय चालायचं त्ये मी ठरीवणार."

ताईंनी ट्रॉली पुढं ओढली. मशीनचं दार त्यांच्या बाजूनं कपडे आत घ्यायला उघडत नाही, म्हणून तो सगळा माल ट्रॉलीतून बाहेरच्या वाटेनं वळसा घालून माझ्याकडं आला. मी परत धुतला. टेम्पो उशिरा गेला, पण धुतलेलंच गेलं. खाली सही सुनंदाताईंची होती.

त्या दिवशी मी चिडवलं नाही. म्हणजे सुचलं होतं एक, पण तोंडातच ठेवलं.

* * *

पावसाळ्याआधी कळलं की सुनंदाताई साताऱ्याला चालल्यात. तिकडं हॉस्पिटलांसाठी नवी लाँड्री निघालेली. मॅनेजर म्हणूनच घेतलं होतं, आतही आणि कागदावरही. नवऱ्याची बदली त्या बाजूला करून घ्यायचं चाललं होतं, आणि सासूबाई येणार नाही म्हणत होत्या. हे त्यांनीच सांगितलं, नक्कल न करता.

त्यांचा शेवटचा दिवस आला. आणि योग असा की दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरची तपासणी. अण्णांनी सवयीप्रमाणं मला कॅबिनमध्ये बोलावलं, "आबा, हार काढ." मी स्टुलावर चढलो. जावईबापू खुर्चीत तसेच, पाय जरा बाजूला घेतले तेवढंच.

सुनंदाताई किल्ल्या द्यायला आल्या. आंघोळ करून, घरची साडी नेसून. टेबलावर किल्ल्या ठेवल्या.

अण्णांनी आधी फ्रेमकडं बघितलं. "सुनंदा, ह्ये सर्टिफिकेट मातुर मिळायचं न्हाई. कोर्सला आमी घातलंय तुला."

"मी घातलंय मला," त्या म्हणाल्या. "राहू दे तुमच्याकडं. साताऱ्याच्या लोकांनी नंबर टाकून मोबाईलवर बघितलं. कागद लागत नाही."

जावईबापूंनी पहिल्यांदा मान वर केली आणि त्या नंबरकडं बघितलं.

अण्णा खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. हळूहळू आवाज उतरला. म्हातारे दिसायला लागले एकदम. "आगं, असं कसं करतीस? एवढं कंत्राट गेलं तर काय ऱ्हातंय माझं? निदान उद्याचा दिवस ये. नुसती बस येऊन. आता प्लास्टिक काढतो पाहिजे तर." आणि खरंच वाकून ते प्लास्टिक ओढायला लागले. बापू वर बसलेले, त्यामुळं ते निघेना.

ताई बघत राहिल्या. मग पर्स खांद्याला लावली.

"सुनंदा," अण्णा म्हणाले, "उद्या सिस्टर विचारणार, मॅनेजरबाई कुठायत. मी काय सांगू त्यास्नी?"

मी स्टुलावर, हाराची गाठ अर्धी सुटलेली. ताईंनी माझ्याकडं बघितलं आणि हातानं खूण केली, राहू दे. मग अण्णांकडं वळल्या.

"हार घातलेलाच आहे, अण्णा. उदबत्ती तेवढी लावा."